दोघे, तिसरा मजला

खालच्या दाराची बेल वाजली तेव्हा मिस्त्री चहाचं आधण ठेवत होते. गॅस बारीक करून त्यांनी भिंतीवरचा फोन उचलला. नर्सचा आजचा दिवस नव्हता. कुणाचं तरी पार्सल चुकून आपल्याकडे आलं असेल, असं त्यांना वाटलं.

"बाबा," खालून आवाज आला, "लिफ्ट झाली का हो दुरुस्त?"

मिस्त्रींनी फोन परत आकड्याला अडकवला, झोपलेल्या तान्ह्या मुलाला पाळण्यात ठेवावं तितक्या हळू. मग ते नुसते उभे राहिले. बेल पुन्हा वाजली. थोड्या वेळाने शेजारच्या घरातली वाजली. तिथे दिवसा कुणी नसतं. मग सगळं शांत झालं आणि आधण उतू जाऊन गॅस विझला.

"कोण होतं हो?" आतल्या खोलीतून बायकोने विचारलं. एक वाक्य पुरं करायला तिला मध्ये एकदा थांबावं लागायचं.

"चुकून दाबली कुणीतरी."

"मग चहा का उतू घालवलात? जन्मभर लोकांच्या मशिनी दुरुस्त केल्यात, घरचं एक पातेलं सांभाळता येत नाही तुम्हाला."

एरवी मिस्त्रींनी यावर काहीतरी उलट टोला दिला असता. आज त्यांनी नुसता ओटा पुसला. डाव्या हाताने फडकं पिळता येईना, म्हणून ते तसंच ओलं टाकलं.

शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. म्हणून शेजारीपाजारी त्यांना मिस्त्री म्हणायचे आणि बायकोला काकू. एकच मुलगा. जन्मला तेव्हा मूठभर होता म्हणून त्याला चिमण म्हणायला लागले, आणि पुढे तो दार भरून आत येणारा गडी झाला तरी नाव तेच राहिलं. लग्न मोडलं, नोकरी गेली, तेव्हा तो सामान घेऊन आईबापांकडे राहायला आला. आधी दारं आपटायचा. मग वस्तू फेकायला लागला. एका संध्याकाळी मिस्त्री म्हणाले, "आवाज जरा कमी कर, तुझ्या आईला झोपू दे," एवढंच, आणि चिमणने त्यांचा हात पकडून दाराच्या चौकटीवर आपटला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तर काकूच पुढे झाल्या. "न्हाणीघरात पाय घसरला ह्यांचा." ऑपरेशन करून मनगटात धातूची पट्टी घालावी लागली. त्यानंतर दीड महिन्याने, चिमण बाहेर गेलेला असताना, जुन्या दुकानातल्या एका मित्राच्या टेम्पोतून दोघं शहराच्या दुसऱ्या टोकाला आले. फोन नंबर बदलले. दारावर नाव लावलं नाही. नातेवाइकांना सांगितलं, "हवापालट करतोय, कळवू."

हवापालट खरंच झाला. डॉक्टर आधीपासून म्हणत होते तशी काकूंची फुप्फुसं थकली आणि महापालिकेने घरपोच ऑक्सिजनचं मशीन दिलं. मशीनपासून निघालेली लांब नळी घेऊन काकू पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत आणि खिडकीपर्यंत जाऊ शकत. दारापर्यंत मात्र ती जेमतेम पुरायची.

शुक्रवारी नर्स आली. गोल चेहऱ्याची, सतत बोलणारी बाई. पायातल्या चपला काढता काढताच तिचा अर्धा दिवस सांगून व्हायचा. मिस्त्रींनी तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"सिस्टर, आमचा पत्ता तुम्ही कुणाला दिलात?"

"मी? अहो काका, मला स्वतःच्या नवऱ्याला सांगायला फुरसत नाही मी कुठे आहे ते."

मिस्त्रींनी तिला सगळं सांगितलं. मनगटाचंही. त्या घराबाहेर हे खरं पहिल्यांदाच बोललं गेलं. नर्सचा हसरा चेहरा उतरला. तिने फोन काढला आणि ओट्याशी उभी राहून बराच वेळ बोट फिरवत राहिली.

"हे बघा," ती म्हणाली. "शहराची खुली माहिती. कुठल्या वस्तीत किती सेवा पोचतात ते कुणीही बघावं, म्हणून टाकतात. चांगलंच आहे हो ते. तुमची लिफ्ट उगाच नाही दुरुस्त झाली. गल्लीतल्या कॉलेजच्या पोरांनी यात पाहिलं, की बंद लिफ्टच्या वर ऑक्सिजनचा पेशंट आहे, आणि कचेरीत जाऊन बोंब मारली."

"यात आमची नावं आहेत?"

"नाव कुणाचंच नाही." तिने एक तक्ता दाखवला. घरपोच ऑक्सिजन: गल्ली, मजला, घरात किती माणसं, वयोगट. दुसरा तक्ता तक्रारींचा: इमारत, लिफ्ट बंद, काम पूर्ण. तिसरा तिच्यासारख्या नर्सच्या घरभेटींचा, असं ती म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली. "तुमच्या हाताचा व्यायाम मीच घेते ना. तो मीच भरते यात. एकेकट्यात काही नाही, काका. पण तिन्ही शेजारी शेजारी ठेवले की..."

पडद्यावरच्या बारीक अक्षरांत मिस्त्रींना स्वतःचं घर दिसलं. दोघे. सत्तरीच्या पुढे. तिसरा मजला.

"चुलीत घाला ते," ते म्हणाले. मग लगेच म्हणाले, "तुम्हाला नाही म्हटलं, सिस्टर."

सोमवारी ते महापालिकेच्या कचेरीत गेले. बायकोला सांगितलं, पेन्शनचं काम आहे. वर, लांबलचक खोलीत, माहिती विभागाची अधिकारी बसली होती. त्यांच्या मुलाच्याच वयाची, केस घट्ट बांधलेली. तिने त्यांचं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं, पाणी दिलं, आणि त्यांच्यासमोरच तिन्ही तक्त्यांतून त्यांच्या घराच्या ओळी काढून टाकल्या.

"झालं, काका."

"म्हणजे आता कुणाला दिसणार नाही?"

ती जरा घुटमळली. "आमच्याकडून नाही दिसणार. पण खुली माहिती म्हणजे लोक ती उतरवून घेतात. ज्यांनी आधी घेतली, त्यांच्याकडे ती आहेच. ती मला परत आणता येत नाही."

"आम्ही घर बदललं तर?"

"नव्या पत्त्यावर मशीन हवं तर नव्याने नोंद होईल. मी ती झाकायला सांगेन, वरिष्ठांना लिहीन. पण सध्याचा नियम असा आहे, की सेवा घेतली की ती तक्त्यात येते. मी तुम्हाला खोटं आश्वासन देऊ शकत नाही."

"आणि सेवा नाही घेतली तर?"

"तर नाही येणार."

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले. तिलाही आपण काय बोललो ते कळलं असावं. तिने नजर टेबलावर वळवली.

"म्हणजे श्वास घ्यायचा असेल तर पत्ता सांगायचा," मिस्त्री म्हणाले. रागाने नाही, एखाद्या मशीनचा बिघाड कळल्यावर गिऱ्हाइकाला सांगावं तसे.

"तुम्ही पोलिसांत तक्रार द्या, काका. माझ्या कागदापेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल."

"माझी बायको नाही देऊ देणार," ते म्हणाले, आणि मग स्वतःलाच दुरुस्त केलं. "त्याची आई."

घरी परतताना त्यांच्या दोन बस चुकल्या. तिसरीत चढले आणि एक थांबा पुढे उतरले. आपल्या गल्लीत शिरताना त्यांनी दोन्ही बाजूंची दारं, गाड्या, लाँड्रीसमोरचा बाक, सगळं बघून घेतलं. कुणी नव्हतं. जीव भांड्यात पडला. लिफ्टने वर आले, कुलपात किल्ली घातली, आणि दार किल्ली न फिरवताच उघडलं.

स्वयंपाकघरात चिमण जेवत होता.

काकू त्याच्यासमोर बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की मिस्त्रींना त्यांच्यावर रागावताही येईना. वर्षभर त्या चेहऱ्यावर ते दिसलं नव्हतं.

"मीच उघडलं," काकू म्हणाल्या. "त्याने खालून हाक मारली. मी काय बहिरी आहे का?"

"बसा ना, बाबा," चिमण म्हणाला. तो वाळला होता. दाढी केली होती, शर्टाला इस्त्री होती. "आईच्या हातचं किती दिवसांनी जेवतोय."

मिस्त्री बसले. पलंगाच्या खोलीत मशीन घरघरत होतं, आणि नळी जमिनीवरून, चिमणच्या खुर्चीच्या पायांमधून, काकूंपर्यंत आली होती.

"तुम्ही मला कळवलंसुद्धा नाही," चिमण म्हणाला. "सगळ्यांना विचारलं. मामाच्या दारात तासन् तास बसलो. तुमच्या जुन्या दुकानात गेलो. शेवटी वाटलं, मेले असतील दोघं."

"असं बोलू नये रे," काकू म्हणाल्या.

"मग त्या वेबसाइटचं कळलं. बघत बसायचो. शहरात ऑक्सिजनवाले किती आहेत माहितीये, आई? वेड लागायची पाळी. मग डोकं चालवलं." त्याचा आवाज उजळला. लहानपणी गणित सुटलं की तो असाच पळत सांगायला यायचा. "म्हटलं, आईचं नको, बाबांचं बघू. भेटींच्या तक्त्यात मनगट शोधलं. डावं मनगट, पट्टी घातलेली, सत्तरीच्या पुढचा पुरुष. अख्ख्या शहरात तीन निघाले! त्यातला एकच बायकोबरोबर राहतो."

तो हसला. दुसरं कुणी हसलं नाही.

"डावं?" काकूंनी विचारलं.

"हो, मग? डावाच हात नव्हता का धरला मी..." तो थांबला.

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. दवाखान्यात, टेम्पोत, नातेवाइकांच्या फोनवर त्या न्हाणीघराचीच गोष्ट सांगत आल्या होत्या. इतक्यांदा, की अलीकडे मिस्त्री न्हाणीघरात गेले की त्या पलंगावरून खरंच ओरडायच्या, "सांभाळून हो, मागच्यासारखं करू नका." आता त्यांनी हात टेबलावरून उचलून मांडीवर ठेवले.

"जेवलास ना?" त्या म्हणाल्या. "आता जा, चिमण."

"काय?"

"जा म्हणते. पुन्हा येऊ नकोस."

"मी राहायला आलोय. बॅग खाली ठेवलीय. त्या तक्त्यात लिहिलंय 'दोघे'. दोघे! मी कुठे आहे मग? मी मेलोय का?" तो उठला तशी खुर्ची मागे कोसळली. "मी चुकलो, मान्य. एकदा चुकलो. म्हणून काय जन्मभर—"

त्याने पाऊल उचललं आणि नळी त्याच्या पायात अडकली. काकूंच्या नाकाशी हिसका बसला, नळी सुटून टाईल्सवर पडली. त्यांचं तोंड नुसतं उघडं राहिलं, आणि छाती वर जाऊन तिथेच अडकल्यासारखी झाली.

मिस्त्री कधी उठले ते त्यांनाच कळलं नाही. त्यांनी मुलाच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे ढकललं, वाकून नळी उचलली, पुसली, बायकोच्या नाकाशी बसवली, तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. "हळू. नाकाने घे. हळू." चिमण ओट्याला टेकून उभा होता. आता तो मारेल, असं मिस्त्रींना वाटत होतं आणि तरी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. त्याने मारलं नाही. पडलेली खुर्ची उभी केली. मग ती तशीच धरून तो लहान मुलासारखा, आवाज काढून रडायला लागला.

काकूंना बोलता येईपर्यंत बराच वेळ गेला.

"खोटं बोलले मी डॉक्टरांशी," त्या म्हणाल्या. "पोलीस विचारतील तेव्हा... खोटं बोलणार नाही. त्याआधी जा."

तो गेला. जिन्यावरून उतरताना त्याच्या पावलांचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी तक्रार दिली, तेव्हा पोलीस ठाण्यातून एक बाई घरी आली आणि तिने काकूंचा जबाब लिहून घेतला. काकूंनी तो थांबत थांबत, पण पूर्ण दिला. कोर्टाने चिमणला त्या गल्लीत यायला मनाई केली. नर्सने सांगितलं, की त्या अधिकारी बाईने वरिष्ठांशी भांडून मजला आणि आजार तक्त्यांतून काढायला लावले. आता फक्त वस्ती दिसते. "तुमच्यामुळे झालं, काका," ती म्हणाली. मिस्त्री "बरं झालं" म्हणाले. इतरांसाठी ते बरंच झालं होतं. त्यांचा पत्ता ज्याला कळायचा त्याला कळून चुकला होता, आणि दुसरीकडे जायचं तर मशीनसकट सगळं घर पुन्हा हलवण्याइतकी ताकद आता दोघांतही नव्हती. ते राहिले.

काकू आठवडाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या. मिस्त्रींनी खालच्या बेलची वायर काढून ठेवली होती, त्या म्हणाल्या, "जोडा ती. नर्स किती वेळ खाली उभी राहणार?" त्यांनी जोडली. त्यानंतर ती वाजली की दोघंही हातातलं काम थांबवायची आणि एकमेकांकडे बघायची नाहीत.

चिमण आला नाही. मनाई पाळली की कुठे निघून गेला, ते कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही.

एका सकाळी मिस्त्री पाव आणायला बेकरीत गेले. रांग दाराबाहेर आली होती. पुढे तीन माणसं सोडून एक रुंद पाठ उभी होती. मान जरा पुढे काढलेली, डावा खांदा उतरता, अगदी चिमणसारखा. पिशवी हातात घट्ट धरून मिस्त्री त्या पाठीकडे बघत राहिले. रांग पुढे सरकली, तेही सरकले. त्या माणसाने पाव घेतले, सुटे पैसे मोजले आणि वळला.

कुणी तरी दुसराच होता. चष्म्याचा, अनोळखी, भला माणूस. मिस्त्रींना बघून तो उगाच हसला.

मिस्त्रींनी सुटकेचा श्वास सोडला. आणि मग, अगदी लगेच, डोळे भरून आले. कशाने, ते त्यांना समजलं आणि समजल्याचं आवडलं नाही. मागचा माणूस म्हणाला, "काका, सरका ना पुढे." ते पुढे सरकले आणि बेकरीवाल्याला म्हणाले, "तीन द्या." मग म्हणाले, "नाही. दोनच."