जानेवारीतली द्राक्षं

१९६१ सालच्या फेब्रुवारीतली ती काचेची बशी फिलोमिनाच्या तळहातावर होती, उबदार कपाटातून नुकतीच काढलेली, अजून कोमट. काल एका मुलीच्या वाहत्या कानातली कापसाची काडी तिनेच जंतू वाढवायच्या, रक्त घातलेल्या अगारच्या थरावर फिरवली होती; आणि जिथे काल काहीच नव्हतं तिथे आज चपटे, करडे, धातूसारखे चमकणारे ठिपके, कडांना हिरवट झाक... तिने झाकण उचललं आणि — द्राक्षं.

"काय गं, कसला वास?" प्रयोगशाळेच्या प्रमुख लिंडक्विस्टबाईंनी विचारलं. नाक आधी, सूक्ष्मदर्शक नंतर, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता.

"द्राक्षांचा. आमच्या काळ्या द्राक्षांचा."

"तुम्हा मळेवाल्यांना बर्फातही द्राक्षंच! पण बरोबर आहे. हा जंतू असाच घमघमतो. आता रंगवून खात्री कर."

घमघमतो... ती काचपट्टी रंगवत राहिली, पण हात सहा वर्षांच्या मुलीचे झाले होते. १९३९चा जानेवारी, एरी सरोवरावरून आलेलं बर्फ खिडकीपर्यंत, मळ्यात नुसत्या वाळक्या वेली, आणि कान वाहणाऱ्या तीन वर्षांच्या नुन्झिओच्या उशीला द्राक्षांचा वास. तळघरात रसाच्या बरण्या होत्या. "खरं सांग, भावाच्या कानात रस ओतलास ना?" मम्माने विचारलं. तीनदा ती नाही म्हणाली. चौथ्यांदा हो म्हणाली, कारण हो म्हटल्यावर मम्मा रडायची थांबली. उन्हाळ्यापर्यंत नुन्झिओ ठार बहिरा झाला; आणि तिला हळूहळू सगळं आठवायलाच लागलं — चमचा, त्याची वाकलेली दांडी, कानाच्या पाळीवरून ओघळलेला जांभळा थेंब... बावीस वर्षं ती तो चमचा बघत आली होती — मी बघत आले होते.

सूक्ष्मदर्शकाखाली बारीक गुलाबी कांड्या. डोळ्यांना न दिसणारा जीव, कानाच्या अंधारात बसून, एकही वेल न पाहता, आमच्या मळ्याचा वास बनवत होता! कोणी शिकवलं त्याला? ... म्हणजे तो चमचा —

संध्याकाळी मम्माला सांगितलं. ती वाल निवडत होती.

"रस? कसला रस? त्याचा कान पहिल्यापासूनच नाजूक. जा, हात धू आधी. दवाखान्याचे हात घेऊन स्वयंपाकघरात येतेस!"

मम्मा सत्तर साली गेली. लिंडक्विस्टबाई जेम्सटाउनला बहिणीकडे राहिल्या. तिथे म्हणे दूधसुद्धा हुंगूनच प्यायच्या. त्या मुलीला औषध वेळेत मिळालं, पुढे ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. नुन्झिओने मळा राखला. दर सप्टेंबरात पहिला घोस तो माझ्या नाकाशी धरायचा आणि हसायचा. तो जाईपर्यंत मी त्याला काही सांगितलं नाही.

मी आता अठ्ठ्याऐंशीची आहे. चमचा नव्हताच, हे मला ठाऊक आहे. तरी त्याची वाकलेली दांडी अजून बोटांना लागते... फक्त आता मी ती दचकून सोडत नाही. उजेडाकडे धरून बघते, त्या बशीसारखी.