थेडाच्या हातून पडलेली काच

फोनच्या काचेला दोन दुखणी असतात, ओरखडा आणि फूट. एकावर इलाज केला की दुसरं बळावतं. काच कडक केली तर किल्ल्या-नाण्यांना दाद देत नाही, पण पडली की तिचं जाळं होतं. जरा सोशिक केली तर पडून वाचते, पण खिशातल्या वाळूने महिन्याभरात तिचा चेहरा देवी येऊन गेल्यासारखा होतो. दोन्ही दुखणी एकदम बरी करणारी काच आमचा मिलबर्न फॉल्सचा कारखाना कित्येक वर्षं 'पुढच्या वर्षी' आणत होता.

ओरखड्याची परीक्षा सोपी. किल्ल्या, नाणी आणि वाळू भरलेल्या पिंपात फोन टाकायचा आणि पिंप फिरवायचं. पडण्याची परीक्षा अवघड, कारण यंत्राला पाडता येत नाही, नुसतं सोडता येतं. यंत्राने सोडलेला फोन शिस्तीत खालच्या सँडपेपरवर उतरतो. माणसाच्या हातून सुटला की माणूस आधी तो झेलायला जातो, झेलण्याच्या नादात त्याला गुडघ्याने उडवतो, आणि मग तो अख्ख्या पार्किंगमधल्या एकुलत्या एका अणकुचीदार खड्यावर कोपरा टेकवतो. म्हणून गावातली काही माणसं आम्ही पगारावर ठेवली होती. त्यांचं काम म्हणजे फोन वापरणं. फुटला की आणून द्यायचा आणि दुसरा घ्यायचा.

त्यांतलं आमचं रत्न म्हणजे थेडा कोव्हाल्चिक. आधी ती पॅकिंगला होती. साठीच्या अलीकडे तिचे हात थरथरू लागले आणि काचेच्या तक्त्यांमागून तक्ते फरशीवर जाऊ लागले. तिला काढायचंच चाललं होतं, तेवढ्यात चाचणीप्रमुख कर्टिस ब्रॅडवेलने तिला आमच्या विभागात मागून घेतलं. सगळे त्याला दयाळू म्हणाले. महिन्याभराने दूरदर्शी म्हणू लागले. टपालपेटीशी, कुत्र्याला फिरवताना, चर्चच्या तळघरात बिंगो खेळताना, थेडाने फोन पाडला नाही अशी जागा गावात उरली नाही. इतरांना अख्खा हिवाळा लागायचा, ते काम ती आठवड्यात उरकायची. भिंतीवर तिचा फोटो लागला. फोटोत ती स्पष्ट आहे, हातातलं प्रशस्तिपत्र तेवढं हललेलं आहे.

"काय थेडा, आज कोणाचा बळी?" आकडेवारी सांभाळणारा वॉरन रोज विचारायचा.

"विहिणीकडे जेवायला गेले होते. सूपमध्ये पाडला."

"सूप धरत नाही आम्ही. जमिनीवर पाड."

"वय झालं रे. नेम चुकतो."

हसण्याची प्रथा होती, म्हणून आम्ही हसायचो. तीही हसायची. अर्धा कप कॉफी दोन्ही हातांनी धरून.

शरदात डॉक्टरने तिला नवी गोळी दिली. तिची किंमत ऐकून थेडाने विचारलं म्हणे, की यात डॉक्टरची गाडीसुद्धा मिळते का? पण कारखान्याचा विमा होता आणि विम्याने गोळी मान्य केली. पंधरवड्यात हात थांबले. ही गोष्ट तिने कामावर कोणाला सांगितली नाही. लपवायची म्हणून नव्हे, कोणी विचारलं नाही म्हणून.

नेमक्या त्याच सुमाराला आम्ही नव्या काचेचे फोन वाटले. पिंपाच्या परीक्षेत ही काच आधीच उतरली होती, ओरखडा म्हणून नाही. आता पडून दाखवायचं उरलं होतं. एक आठवडा गेला, दुसरा गेला. थेडाचा फोन फुटेना. वॉरनने आलेख काढला. फुटण्याची रेघ खाली गेली आणि तळाशी झोपून राहिली.

फोन पडल्याची नोंद ठेवायची सोय फोनमध्येच होती. पण त्या सोयीने बॅटरी संपते म्हणून कर्टिसने ती बंद करायला लावली होती. "आपण पडणं विकत नाही," तो म्हणायचा, "न फुटणं विकतो." तेव्हा फोन फुटत नाही एवढं आमच्याकडे पुराव्यानिशी होतं, आणि तो पडतो का, हे विचारण्याइतकं अडाणी आमच्यात कोणी नव्हतं. 'जी थेडाच्या हातात फुटत नाही ती जगात कुठेच फुटणार नाही,' असं वाक्य अहवालात गेलं. कर्टिसने एका मोठ्या फोन कंपनीच्या खरेदीदारांना बोलावणं धाडलं.

त्याच आनंदात बैठक भरली. थेडाने सगळ्यांना कॉफी ओतली. मग स्वतःचा कप काठोकाठ भरला, एका हाताने उचलला आणि न सांडता प्यायली. कर्टिस बघत राहिला.

"थेडा, हात...?"

"थांबले!" ती म्हणाली. "दोन महिने होत आले. काल पिरोगीच्या करंज्यांच्या कडा मी स्वतः चिमटल्या, कर्टिस. सुनेला हातसुद्धा लावू दिला नाही!"

कोणीच अभिनंदन केलं नाही. वॉरनने आपला आलेख हळूच उलटा ठेवला.

"फोन शेवटचा कधी पाडलास?" त्याने विचारलं.

"पाडलाच नाही ना! तेच तर सांगतेय."

आमच्याकडे साहेबालाही पहिल्या नावानेच हाक मारतात. त्यामुळे त्याने गळा धरला तरी घरच्याने धरल्यासारखं वाटतं. कर्टिसने थेडाला खोलीत बसवलं, आस्थापना विभागाच्या बेव्हर्लीला बोलावलं आणि अतिशय आपुलकीने सांगितलं, "गोळी बंद कर असं मी म्हणतच नाही. म्हणू शकतही नाही. कायदा आहे."

"मग?"

"तुझी जागा पाडणाऱ्याची आहे. पाडत नसलीस तर जागा कशाला?"

"आणि विमा?"

"तो जागेबरोबर जातो," बेव्हर्ली म्हणाली.

"म्हणजे गोळी जाईल. म्हणजे हात पुन्हा..."

"बघ ना! म्हणजे तू पुन्हा पात्र होशील," बेव्हर्लीचा चेहरा उजळला. "केव्हाही अर्ज कर. आम्ही अनुभवी माणसाला प्राधान्य देतो."

थेडाने आपल्या हातांकडे पाहिलं. ते मांडीवर स्वस्थ पडले होते.

"मी मुद्दाम पाडते ना," ती म्हणाली. "हवा तितक्या वेळा. हव्या त्या दगडावर."

"मुद्दाम पाडायला यंत्र आहे," कर्टिस म्हणाला. "खरेदीदार येऊन जाईपर्यंतचाच प्रश्न आहे, थेडा. मग घे की गोळ्या, जन्मभर."

तिने गोळी थांबवली. आठवड्यात हात परत आले, आणि रजेवरून आलेल्या माणसासारखे जास्तच उत्साहाने. बिंगोचे आकडे तिला शेजारणीकडून खोडून घ्यावे लागू लागले. आमच्या विभागात मात्र जीव आला.

खरेदीदार आले. कर्टिसने त्यांना मागच्या आवारात नेलं, जिथे बर्फ सरकवणाऱ्या गाडीने खडी उकरून ठेवली होती. थेडाला फक्त चालत येऊन कुणाला तरी फोन लावायचा होता. तिने नातवाचा नंबर काढला. दुसऱ्या आकड्याला फोन हातून उडाला, तिने झेलायला हात घातला, गुडघा लागला, आणि तो कोपऱ्यावर, खडीत. यंत्राला शंभर जन्मांत जमलं नसतं असं ते पडणं होतं. खरेदीदाराने फोन उचलून अंगठ्याने पुसला, उजेडात तिरका धरला. तडा नाही. ओरखडासुद्धा नाही.

टाळ्यांचा कडकडाट झाला. थेडाही टाळ्या वाजवतेय असं काहींना वाटलं.

काच खरोखरच चांगली निघाली. वॉरनला तर वाईट वाटलं, की आपण उगाच शंका घेतली. मागणी आली आणि त्याबरोबर चाचणी संपली, कारण न फुटणाऱ्या काचेला पाडणारी माणसं ठेवणं म्हणजे उधळपट्टी. सगळ्या पाडणाऱ्यांच्या जागा एका सहीत रद्द झाल्या. थेडाने विचारलं, की आता अर्ज करू का? बेव्हर्लीने तिला समजावून सांगितलं, की पात्रता आहे, प्रश्न पात्रतेचा नाहीच. जागाच नाही.

निरोपाला केक होता. कर्टिसने भाषण केलं, थेडाशिवाय ही काच झाली नसती असं म्हणाला, आणि तिला नवा फोन भेट दिला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला.

"कर्टिस, गोळ्यांचं..."

"विमा महिनाअखेरपर्यंत आहे. काळजी करू नकोस."

फोन सुटला. फरशीवर आपटून टेबलाखाली गेला. सगळे हसले. वॉरन सवयीने खाली वाकला, फोन उचलून त्याने चारही कोपरे तपासले.

"काही झालेलं नाही," तो म्हणाला, आणि बेव्हर्लीने केक कापायला घेतला.