बिजागरीचा सांधा

मित्रांनो, मला पाहून दचकू नका. नर्सिंग कॉलेजच्या वर्गात, फळ्याच्या बाजूला, लोखंडी स्टँडवर टांगलेला जुना सांगाडा तो मीच. प्लास्टिकचा नव्हे, खऱ्या हाडांचा. माझी पहिली आठवण तारेची आहे. एका कारागिराने हाडांना बारीक भोकं पाडली, त्यांतून पितळी तार ओवली आणि मला उभं केलं. त्याआधी मी कोण होतो, ते मला आठवत नाही.

शरीररचना शिकवणाऱ्या बाईंनी तीस वर्षं माझ्यावरूनच सांधे शिकवले. कवटीच्या हाडांमधल्या शिवणी हलत नाहीत, ते अचल सांधे. पाठीच्या मणक्यांमधले जरासे हलतात, ते अर्धचल. बाकीचे चल. त्यांत खांद्याचा उखळीचा, मानेचा खिळीचा, मनगटाचा सरकता, कोपराचा बिजागरीचा.

माझं डावं कोपर मात्र कुठल्याच रकान्यात बसत नसे. कधीकाळी मोडून ते काटकोनात जुळलं होतं, दगडासारखं. "जन्माने चल, नशिबाने अचल," असं बाई म्हणत आणि मुली हसत. मधल्या सुट्टीत त्या कोपराला पर्स अडकवत. मी धूळ खात उभा राही.

एकदा भर दुपारी तास चालू असताना एक म्हातारे सुतार कपाटाचं दार दुरुस्त करत होते. बाई "बिजागरी" म्हणाल्या, तसं आपल्यालाच विचारलं असं वाटून त्यांनी मान वर केली. आणि त्यांची नजर माझ्या कोपरावर खिळली.

तास संपल्यावर ते जवळ आले. माझ्या डाव्या हाताची करंगळी त्यांनी चाचपली. तिचं शेवटचं पेर नव्हतं. मग माझा हात धरूनच ते बाईंना सांगू लागले. लहानपणी ते छपरावरून घसरले होते. थोरल्या भावाने खालून झेललं आणि त्यात त्याचं कोपर गेलं. करंगळी त्याआधीच करवतीखाली आलेली. हात वाकेना, रंधा धरवेना. एका हाताचा सुतार काय कामाचा, असं वडील बोलून गेले. भाऊ त्याच दिवशी घराबाहेर पडला, तो परतलाच नाही.

"हा माझा दादा आहे, बाई," ते म्हणाले.

बाई माझ्याजवळ आल्या. मग हलकेच म्हणाल्या, "काका, हात त्यांचा असेलही. पण हा सांगाडा एका माणसाचा नाही. कंबर बाईमाणसाची आहे. कवटी विशीतल्या कुणाची तरी. पाय आणखी तिसऱ्याचे."

मित्रांनो, हे मीही तेव्हाच प्रथम ऐकलं.

बाईंनी प्राचार्यांकडे खेटे घातले, लेखी परवानगी मिळवली. सुतारकाकांनी स्वतः पेटी करून आणली. काटकोनातला हात बसेल अशी, कोपऱ्यात वळलेली. खांद्याजवळची तार त्यांनी आपल्याच पकडीने तोडली. "चल दादा," एवढंच म्हणाले.

ते निघाले. मी वर्गातच टांगलेला होतो, तरी मला जिना उतरल्यासारखं वाटलं. लाकडाच्या भुश्शाचा वास आला. कुणीतरी तळहातावर तळहात ठेवला आणि खूप वेळ काढला नाही. मग वर माती पडली. एकेक मूठ. त्यानंतर त्या बाजूला सारं शांत झालं.

आता माझी डावी बाजू मोकळी आहे. मुली माझ्याशी हळू बोलतात, हाड उचलायचं तर दोन्ही हातांनी उचलतात. एवढी काळजी पुरेशी आहे. पण रिकाम्या वर्गात कधी कधी कवटीतून एक नाव ओठांवर आल्यासारखं होतं, आणि ओठ नाहीत. कमरेला मूल घेतल्याचा भार जाणवतो. पावलं दाराकडे वळू पाहतात. तीन वेगवेगळ्या घरांकडे जायची ओढ एकाच तारेत ओवलेली आहे.

म्हणून विनंती आहे, मित्रांनो. कधी या वर्गात आलात, तर सांधे मोजून लगेच जाऊ नका. आम्हाला नीट बघा. आमच्यातलं कुणीतरी तुमच्या घरचं असेल.