बुटातलं लिंबू

आधीच सांगते, मी काळ्या जादूला मानत नाही. विज्ञानात मला अठ्ठ्याण्णव आहेत आणि गॅदरिंगला अंधश्रद्धेवर मी असं भाषण ठोकलं होतं, की पाहुण्यांचा चहा थंड झाला. तरीही एका लिंबानं माझे दहा दिवस खाल्ले.

मी सत्यशीला, नववी ब. शेवगावला तालुक्याच्या आठशे मीटरमध्ये पहिली आले, तेव्हापासून गल्ली मला हरणी म्हणते. नगरला जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिल्या दोघींना पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात प्रवेश मिळणार होता. मला बाकी काही नको होतं.

अडचण एकच. दिवाळीनंतर आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, ऊसतोडीला जातात आणि पाच महिने घर, म्हैस आणि धाकटी सीमा माझ्यावर असते. मी आईला विचारलं, "मी पुण्याला गेले तर?" माझ्या वेणीत रिबीन ओवत ती म्हणाली, "जा की. आमी काय धरून ठिवलंय व्हय?" मी अशी उडी मारली की वेणीच सुटली.

स्पर्धेच्या दहा दिवस आधी बुटात पाय घातला तर पुढं काहीतरी गोल लागलं. लिंबू. सात टाचण्या टोचलेलं, काळ्या दोऱ्यानं आवळलेलं, आणि दोऱ्याखाली केस. लांब, टोकाला तांबूस. माझेच.

विंचरून निघालेली गुंतवळ आमच्याकडं कुणी इकडंतिकडं टाकत नाही. बोटाला गुंडाळून भिंतीच्या फटीत खोचतात. केसांवर भांडी देणारी बाई आली की तिला देतात. आमची फट बाहेर ओट्यावर, बूटही तिथंच. म्हणजे कुणीही करू शकत होतं. पण माझ्या डोक्यात एकच नाव आलं, शेजारची गोजरबाई. एकटी राहते, झाडपाल्याची औषधं देते, आणि तिला "येतं" असं बायका दबक्या आवाजात म्हणतात. रोज माझ्या पोटऱ्या तेलानं चोळायची तीच. आदल्याच दिवशी म्हणाली होती, "हरणे, लई उडू नको, पाय मुरगळंल."

मी लिंबू घेऊन भर गल्लीत उभी राहिले. "म्हातारे, माझ्या पायांवर करणी केलीस?" ते अठ्ठ्याण्णव मार्क त्या वेळी कुठं गेले होते, देव जाणे.

"अगं, ही बोटं बघ." तिनं वाकडे झालेले हात पुढं केले. "सुईत दोरा ओवायला तुलाच हाक मारते न्हवं मी?"

"नाटकं नकोत!"

एकेक दार लागलं. आई उंबऱ्यात उभी होती. घरात आल्यावर एवढंच म्हणाली, "तिवाट्यावर टाकून ये ते. आन् नगरचं ऱ्हाऊ दे आता. पायावर आलंय."

मी टाकलं नाही. विज्ञानाच्या मॅडमना दाखवू म्हणून कंपासात ठेवलं, पण दाखवायचं धाडस झालं नाही. इकडं पाय खरंच जड. दुसऱ्या फेरीला पोटऱ्यांचा दगड व्हायचा. खेळाचे अजिनाथ सर स्टॉपवॉच बघून म्हणाले, "हरणीची म्हैस झाली का गं?" सगळे हसले. मीही हसले, आणि पाण्याच्या टाकीमागं जाऊन रडले.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी भूमितीच्या तासाला कंपास उघडला. लिंबू सुकून सुपारीएवढं झालेलं, दोरा ढिला होऊन टाचण्यांत अडकलेला. आता नीट दिसलं, त्याला गाठच नव्हती. दोन्ही टोकं एकमेकींत पिळून खाली खोचली होती. उसाची मोळी वाढ्यानं, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्यानं, अशीच आवळतात. गोजरबाई जन्मात ऊसतोडीच्या फडावर गेलेली नाही. गल्लीतले बाकी सगळे जातात, पण त्यांचा पीळ उजवा असतो. हा डावा होता. लहान असताना मीही फडावर असायचे, तेव्हा मुकादम हसायचा, "डावरीची मोळी लांबूनच कळती!"

डावरी म्हणजे माझी आई.

त्या तासाला मी काटकोन काढला, खोडला, परत काढला. वही फाटली.

सकाळी आई फणी घेऊन बसली. "ये, वेणी घालते."

"माझी मी घालते."

वेणी वाकडी पडली. गुंतवळ मी फटीत खोचली नाही, दप्तरात टाकली.

नगरला पाय हलके होते. छाती जड होती. दुसरी आले.

संध्याकाळी आईपुढं प्रवेशाचा फॉर्म ठेवला आणि त्यावर लिंबू, पीळ वर करून. तिनं पिळावरून अंगठा फिरवला.

"सीमाला फडावर न्यावं लागलं असतं गं. भ्यालीस तर ऱ्हाशील, आसं वाटलं."

"मला सांगायचं ना! भांडायचं माझ्याशी!"

"तुझ्याफुडं बोलून कोन जिंकनार?"

"आणि गोजरबाईचं काय?"

तिनं फॉर्म पुढं ओढला. डाव्या हातानं सही केली, एकेक अक्षर सुटं.

मी बाहेर गेले. जिथं ओरडले होते तिथंच उभी राहून ओरडले, "गोजरबाईनं काही केलेलं नाही!"

"मग कुनी केलं?" समोरच्या ओट्यावरून आक्काबाईनं विचारलं.

मी आईकडं बघितलं. ती उंबऱ्यात उभी होती. मी थांबले. तिला बोलायला पुरेल एवढा वेळ थांबले. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

गोजरबाईचं दार बोटभर उघडलं. फटीतून सुई आणि दोरा बाहेर आला. "आधी हे ओवून दे."

दोऱ्याचं टोक तीनदा नेढ्याशेजारून गेलं, मलाही ओवता येईना.