काहीच ऐकू आलं नाही

"आई, तू खरी डॉक्टर आहेस का?"

मैत्रिणींनी पैज लावली होती म्हणून विचारलं. त्यांचं म्हणणं, दारावर पाटी नाही, घरी पेशंट नाहीत, वीस वर्षं नुसती शिकवते आणि संशोधन करते, ती कसली डॉक्टर! मला वाटलं, आई हसेल. तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शनिवारी कॉलेजात ये. पेशंट म्हणून. मग तूच ठरव."

माझ्या हृदयाला जन्मतः बारीकसं छिद्र होतं. चौथ्या वर्षी ते आपोआप बुजलं. आता ठोके कसे, घड्याळासारखे! पण शनिवारी वॉर्डातल्या माझ्या पलंगाला आईनं मुद्दाम जुन्या तपासणीचाच कागद लावला : 'छिद्र आहे. ठोक्यांत जादा आवाज.' तिचं संशोधनच ते. विद्यार्थी कानानं ऐकतात, की कागदावरचं?

"तू फक्त तोंडाला कुलूप लावायचं," ती म्हणाली. मी! वर्गात मॉनिटरलाही बोलू न देणारी मी!

सिस्टर शेजारी उभ्या, आई कोपऱ्यात, मी ओंडक्यासारखी आडवी. वीस जण एकेक करून आले. पहिल्यानं कागद वाचला, स्टेथोस्कोप टेकवला, डोळे मिटून गाणं ऐकल्यासारखी मान डोलावली. "जादा आवाज अगदी स्पष्ट आहे." कुठला रे बाबा? दुसऱ्याला तो पाठीतूनही ऐकू आला. एकानं तर नळ्या कानात घालायच्या आधीच लिहायला घेतलं. बाराव्यापर्यंत माझी जीभ नुसती वळवळत होती.

शेवटी एक बारकीशी ताई आली. ऐकलं. पुन्हा ऐकलं. कपाळावर घाम. मग लिहिलं, 'जादा काहीच ऐकू आलं नाही.'

"मॅडम, माझेच कान खराब असतील," ती पुटपुटली. "नापास नका ना करू."

एकोणीस चूक, एक बरोबर. आणि रडकुंडीला कोण आलं, तर बरोबर असलेली!

आई तिच्याकडे न पाहताच कागद गोळा करून तडक विभागप्रमुखांकडे गेली. मी दाराबाहेर. आतून त्यांचा आवाज आला.

"हे छापून कॉलेजची अब्रू घालवायचीय का? आणि तुमचा शनिवारचा वर्ग आता बंद. पोरं कॉम्प्युटरवर शिकतील."

जेवताना आई भात नुसता चिवडत होती. "उद्या त्या खासगी हॉस्पिटलच्या नोकरीला हो कळवते. पालथ्या घड्यावर किती वर्षं पाणी ओतायचं?"

"चला, एकदाचं!" बाबा म्हणाले. "मी पाच वर्षं घसा कोरडा करतोय."

माझं डोकंच सणकलं. "एकोणीस जणांवर चिडता चिडता त्या ताईला 'तू बरोबर आहेस' म्हणायचं राहिलं तुझं. ती अजून स्वतःच्याच कानांना शिव्या देत असेल."

आईनं चष्मा काढून ताटाशेजारी ठेवला.

"तर मी ठरवलंय. नोकरी तू कुठलीही धर, शनिवारचा वर्ग आपल्या घरी भरणार. तिला जिन्यात गाठून पत्ता दिलाय. पुढच्या शनिवारी चार वाजता येतेय. निकाल मी सांगितला नाही, कुलूप होतं ना! तो तू सांग. आणि बाबा, त्या दिवशी कुठे जाऊ नका. तुमचंही हृदय लागणार आहे."