बर्फाबाहेरची नळी

बाईंनी एन्झाइमची नळी पुन्हा बर्फात खोचली आणि यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं. एन्झाइम काम करू लागलं की खाली उतरणारी रेघ आडवी ती आडवीच. पोटात आव करणाऱ्या अमिबाला साखरेतून ताकद मिळवून देणारं हे एन्झाइम सलग चौथ्या दिवशी ढिम्म होतं.

शेजारी स्टुलावर त्यांची विद्यार्थिनी हात बांधून बसली होती. प्रयोगशाळेत तिला सगळे धांदल म्हणत. पोरगी हुशार, पण पेन कुठे, चष्मा कुठे, पत्ता नसायचा. तिच्या वहीत मात्र हेच एन्झाइम झपाट्याने चाललं होतं. सकाळी बाईंनी सरळच विचारलं होतं, "आकडे मनाने घातलेस का गं?" "नाही," ती म्हणाली होती. त्याच आकड्यांवर छापलेला शोधनिबंध मागे घेण्याचं पत्र टेबलावर तयार होतं. संध्याकाळी पाचच्या आत ते पाठवायचं होतं, आणि ते गेलं की पोरीचं शिक्षण संपलं.

"शेवटचं एकदा," बाई म्हणाल्या. "तू कर. मी नुसती बघते."

धांदलने फ्रीजरमधून दुसरी नळी काढून टेबलावरच्या स्टँडला लावली आणि बाकीचं मिसळत बसली. पंधरा मिनिटं गेली.

"अगं, बर्फात ठेव ना ती."

"राहिलंच." ती ओशाळली. "माझं नेहमीच राहतं, बाई. तुम्ही रागवाल म्हणून वहीत 'बर्फात ठेवलं' असं लिहायचे."

बाईंच्या तोंडाशी रागाचे चार शब्द आले होते. तेवढ्यात तिने त्याच नळीतला थेंब मिश्रणात टाकला. रेघ घसरगुंडीवरून सुटल्यासारखी खाली गेली.

बाई स्टुलावर टेकल्या. एन्झाइम बाहेर ठेवलं की नासतं, हा तीस वर्षं त्यांचाच धडा. आणि हे पठ्ठं बर्फानेच गारठत होतं, बाहेर जरा ऊब मिळाली की जागं होत होतं. माणसाच्या पोटात राहणाऱ्याला ऊब लागेल, एवढंही आपल्याला सुचू नये? त्यांना आपलीच लाज वाटली, आणि त्याहूनही, पोरगी खरी निघाली म्हणून जीव भांड्यात पडला.

"मलाच वाटायला लागलं होतं," धांदल हळूच म्हणाली, "की मी आकडे खोटेच लिहिले असतील."

"खोटं लिहिलंस ते बर्फाचं. ते आज दुरुस्त करायचं. आणि सकाळचं माझं चुकलं."

धांदलने डोळे पुसले. "पत्राचं काय करायचं?"

बाईंनी पत्र ओढून उलटं केलं, कोऱ्या बाजूवर तारीख घातली आणि पडद्याकडे पाठ करून बसल्या.

"हं, सांग आकडे. मी लिहून घेते."