आबांच्या सभेतला माईक

मी एक जुना माईक आहे. घोड नदीकाठच्या एका गावातल्या पाणी संस्थेने मला शिरूरच्या दुकानातून आणले. तेव्हा बबनराव आबा संस्थेचे अध्यक्ष होते.

मित्रांनो, आबांच्या सभेत मी सुखात होतो. ते मला टेबलावरून उचलून सभासदांमध्ये नेऊन ठेवत. कोणी त्यांनाच फैलावर घेतले, तरी म्हणत, "बोल, मी ऐकतोय." माझी वायर तुटली, की स्वतः चिकटपट्टी लावत.

वय झाल्यावर आबांनी जयसिंगला अध्यक्षपदी निवडून आणले. तो त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. त्याच्या पहिल्याच सभेत पार्वतीबाई उठल्या. त्यांचे रान पाण्याच्या अगदी शेवटच्या चारीवर, जिथे पाटाचे पाणी सगळ्यांत उशिरा पोचते.

"वरचे समदं पाणी घेत्यात. आमचा कांदा वाळतोय," एवढे त्या बोलल्या आणि जयसिंगने माझे बटण बंद केले. त्यांचे ओठ हलत राहिले. मी मुका झालो. समोरच आबा बसले होते. त्यांनी मान खाली घातली. आपल्याच माणसाला चारचौघांत कसे टोकायचे, असे त्यांना वाटले असावे.

पुढच्या सभेत आबांचा सत्कार होता. जयसिंगने त्यांच्या कारभाराचे गोडवे गायले, शाल पुढे केली. आबांनी ती घेतली नाही. त्यांनी मला हातात घेतले.

"कांदा गेल्यावर मी पार्वतीबाईंच्या बांधावर गेलतो," ते म्हणाले. "त्या म्हनल्या, 'आबा, तुम्ही समोरच व्हता की.' जयसिंग, तुला निवडून यायचं शिकवलं मी. ऐकून घ्यायचं शिकवलं न्हाई. मग ह्यो सत्कार कशाचा?"

खाली उतरून त्यांनी मला पार्वतीबाईंसमोर धरले. जयसिंगचा हात बटणाकडे गेला आणि तसाच मागे आला.

"गेलेला कांदा काय येत न्हाई," त्या म्हणाल्या. "औंदा पहिलं पाणी शेवटच्या चारीला सोडा."

सभेने हात वर केले. सगळ्यात शेवटी जयसिंगनेही केला. पाणी ठरल्याप्रमाणे सुटले. पार्वतीबाई मात्र आबांशी पहिल्यासारख्या बोलत नाहीत. आबा म्हणतात, "बरोबर हाय त्यांचं."

आता संस्थेने नवा माईक घेतला आहे. मी कपाटात आहे, अंगावर धूळ आहे. त्याची तक्रार नाही. बटण बंद असताना मला बोलता येत नव्हते, आबांना येत होते, हेच मनाला टोचते. मित्रांनो, कोणाला मध्येच गप्प केलेले दिसले, तर मान खाली घालू नका. त्याच वेळी उठून उभे राहा.